जेवतच नाहीत!

साप पाळण्यासारखं सोपं काम जगात दुसरं नाही, असं मी शारजाच्या विमानतळावर जाहीर केलं, तेव्हा माझं पोट पुढे होतं आणि छाती त्याच्या मागे कुठेतरी. पण आवाज खणखणीत होता!

"अगं, तुझा बाप चाळीस-चाळीस फुटी कंटेनर जगभर पोचवतो," मी शर्वाणीला म्हटलं. "एक चार फुटी साप सांभाळता येणार नाही होय?"

शर्वाणी आमची एकुलती एक. जन्म, शाळा, मैत्रिणी, सगळं शारजात. आता बडोद्याला चित्रकला शिकायला निघाली होती. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते, त्यामुळे आमच्या घरात भांडणसुद्धा दोन भाषांत होतं. तिने माझा हात घट्ट धरला.

"बाबा, जस्ट कीप हिम फेड. प्रॉमिस मी. ही वोन्ट अंडरस्टँड व्हेअर आय हॅव गॉन."

"प्रॉमिस!" मी म्हटलं. "येशील तेव्हा ओळखणार नाहीस, एवढा गुटगुटीत करून ठेवतो!"

ती आत गेली. मी पार्किंगचं तिकीट कुठल्या खिशात आहे ते बराच वेळ शोधलं.

हा साप मुळात तिच्या वर्गातल्या दियाचा. दियाचं कुटुंब कॅनडाला गेलं आणि साप रीतसर कागदपत्रांसकट आमच्या अल मजाजच्या फ्लॅटमध्ये आला. केशरी रंग, तांबूस ठिपके, बिनविषारी, स्वभावाने गरीब. नाव पॉपकॉर्न, कारण जातीने तो 'कॉर्न स्नेक'. माझ्या बायकोने, सुलक्षणाने, या एका शब्दावर त्याला घरात घेतलं होतं! तिची समजूत अशी, की हा साप मका खातो. आपलं घर शाकाहारी, साप शाकाहारी, मग हरकत कसली? पहिल्या दिवशी तिने एक कणीस उकडून, मीठ लावून तयारसुद्धा ठेवलं. मग कुरिअरवाला थर्माकोलच्या डब्यात गोठवलेले उंदीर घेऊन आला आणि तिला सत्य कळलं. साप मुलीचा, उंदीर कुरिअरचे, पण अबोला मात्र माझ्याशी! शेवटी उंदरांसाठी शर्वाणीच्या खोलीत वेगळा छोटा फ्रिज आला आणि तह झाला.

सुलक्षणा राजापूरकडची. तिच्या माहेरी सापाला साप म्हणत नाहीत. नाव घेतलं की येतो म्हणे. इथे तर तो येऊन काचेच्या पेटीत स्थायिक झाला होता, तरी तिने नाव घेतलं नाही ते नाहीच. वर पहिल्या दिवसापासून आदरार्थी बहुवचन! "उठलेत का?" "आज काचेवर चढलेत." "झोपलेत, दिवा नका लावू." घरात कुणीतरी आपल्याला अहो-जाहो करावं म्हणून मला लग्न करावं लागलं. यांनी नुसती जीभ बाहेर काढली!

आणि बिल्डिंगमध्ये कुणाला कळू द्यायचं नाही, ही सुलक्षणाची दुसरी अट. शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला, घरमालकाने बाहेर काढलं, तर एवढं सामान घेऊन जायचं कुठे?

तर, शर्वाणी गेली आणि पॉपकॉर्नने अन्न सोडलं.

आठवड्याला एक उंदीर, एवढाच त्याचा खुराक. मी तो नियमाप्रमाणे बाहेर काढून ठेवला, कोमट पाण्यात ऊबदार केला, चिमट्यात धरला आणि त्याच्यापुढे नाचवला. पॉपकॉर्नने उंदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या लाकडाच्या ओंडक्याखाली निघून गेला. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच! चिमटा पापड भाजायचा होता, हे याच सुमारास सुलक्षणाच्या लक्षात आलं. त्यावर झालेली चर्चा इथे देत नाही.

मी सगळे उपाय केले. पेटीची जागा बदलली. दिव्याची ऊब वाढवली, कमी केली. मोठा उंदीर दिला, लहान दिला. एका संध्याकाळी तर मी त्याला "हा घास काऊचा, हा घास चिऊचा" करून भरवायला लागलो! ज्याच्या जातीत काऊचिऊच घास असतात, त्याला हे कितपत पटणार होतं कोण जाणे. पण शर्वाणी लहानपणी याच्यावरच जेवायची. त्याच खोलीत, त्याच खिडकीशी, खालची खाडी आणि होड्या बघत बघत.

ऑफिसातून आलो की मी थेट तिच्या खोलीत जाऊन बसायला लागलो. सापासाठी, दुसरं काही नाही! ताटही तिथेच न्यायचो. आपण समोर बसून जेवलं की त्याला भूक लागेल, असा माझा हिशेब होता. पण तो टक लावून बघत असताना मला घास उतरायचा नाही. सापाला पापण्याच नसतात हो! मग ताट तसंच परत जायचं. पलंगाखाली तिच्या जुन्या सपाता होत्या. टेबलावर अर्धवट चित्र होतं, त्यात आकाश रंगवायचं राहिलं होतं. मी त्यांच्याकडे फारसं बघायचो नाही. मी सापाकडे बघायचो.

तिकडून शर्वाणीचा फोन यायचा. "बाबा, हाऊ'ज माय बेबी?"

"मजेत!" मी सांगायचो. "वजन वाढलंय!"

खोटं बोलताना माझा आवाज अजूनही खणखणीत होता. पण आत धाकधूक. हा जीव माझ्या हातून गेला तर त्या पोरीला काय तोंड दाखवायचं? परक्या गावात, एकटी, रडत बसेल.

शेवटी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर अफनान नावाची तरुण मुलगी होती. तिने त्याला हातात घेतलं, तोंड उघडून पाहिलं, वजन केलं आणि हसली.

"ही'ज परफेक्ट, अंकल. घर में नया क्या हुआ है?"

"मेरी बेटी पढ़ने गयी."

"उससे इसको फरक नहीं पड़ता. आप क्या करते हो?"

"मैं? मैं तो रोज शाम इसके सामने बैठता हूँ!"

"वोही तो! आप सामने बैठोगे तो ये डरके छुपेगा. काँच ढक दो, खाना रखो, और कमरे से बाहर जाओ. खलास."

मला हे काही पटलं नाही. समोर बसून आग्रह केल्याशिवाय कुणी जेवतं का? आमच्याकडे तर पाहुणा "पुरे" म्हणाला की त्याचा अर्थ "अजून दोन" असा घेतात! डॉक्टर लहान आहे, शिकेल, असं म्हणून मी पुन्हा खुर्ची ओढून पेटीसमोर बसलो.

त्याच आठवड्यात सुलक्षणा स्वयंपाकघरात फोनवर बोलताना मला ऐकू आली.

"जेवतच नाहीत गं! समोर ठेवलं की नुसतं बघतात आणि तोंड फिरवतात... हो ना, ती गेल्यापासून... सारखे तिच्या खोलीत पडून. हाक मारली तरी ओ नाही. रंगसुद्धा उतरलाय."

मला बायकोच्या अज्ञानाची कीव आली. सापाला बाहेरून कान नसतात, तो ओ कुठून देणार? पण बरंही वाटलं. वरवर घाबरते, पण माया लागलीय बिचारीला! मात्र ती हे कुणाला सांगत होती? बिल्डिंगमध्ये कळू द्यायचं नाही, ही अट तिचीच ना?

उत्तर दुसऱ्या दिवशी दारात उभं राहिलं. वरच्या मजल्यावरच्या अर्चनावहिनी! यांचा डब्यांचा व्यवसाय. घरगुती पोळी-भाजीचे त्यांचे डबे शारजापासून दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्सपर्यंत जातात. सुलक्षणा खाली भाजी आणायला गेली होती. वहिनींनी हातातलं पातेलं माझ्या हातात दिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"भावोजी, सुलक्षणाने सांगितलं मला. जेवत नाहीत म्हणे."

"हळू बोला वहिनी!" मी दचकलो. "बिल्डिंगमध्ये कळलं तर पंचाईत होईल."

"त्यात लपवायचं काय? मुलं गेली की होतं असं. माझा नीरव शिकायला गेला तेव्हा आमच्याकडेही हेच झालं होतं."

मी थक्क झालो. "म्हणजे? तुमच्याकडेही आहेत?"

"अहो, आहेत म्हणजे काय! चोवीस वर्षं झाली."

"चोवीस!" मी ओरडलो. "इतकी टिकतात?"

वहिनींनी माझ्याकडे फार विचित्र नजरेने पाहिलं. "टिकवावं लागतं, भावोजी. सांभाळून घ्यावं लागतं."

"आता कुठे असतात? आवाज कधी आला नाही."

"रुवैसला नाही का! शुक्रवारी येतात, रविवारी संध्याकाळी जातात."

रुवैसला वहिनींचे यजमान तेलकंपनीत आहेत, हे मला ठाऊक होतं. म्हणजे साप यजमानांबरोबर ठेवलेला दिसतो. चांगलंच आहे, मी मनात म्हटलं, एकट्या माणसाला तेवढीच सोबत!

"मग तेव्हा खाऊ कसं घातलंत?" मी पुढे सरसावून विचारलं.

"मी स्वतः भरवलं. हाताने."

"हाताने! चावले नाहीत?"

"चावतील कशाला? चिडले थोडे. पण मी सोडलं नाही. मऊ भात, तूप, मेतकूट. तीन दिवसांत माणसात आले."

"गिळताना त्रास?"

"आवंढा यायचा. मग मी पाठीवरून हात फिरवायची." वहिनींचे डोळे भरून आले. "भावोजी, रडायला आलं तर रडून घ्या. यातही मऊ भातच आहे. खा."

त्या गेल्या. बाई सापावर इतका जीव लावते, हे पाहून मला अगदी गहिवरून आलं! मी मेतकूट-भात थोडा पॉपकॉर्नपुढे ठेवून पाहिला. तो त्यावरून सरपटत गेला. मग सुलक्षणा यायच्या आत त्याच्या अंगाची शितं पुसताना माझी जी तारांबळ उडाली, ती विचारू नका!

प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण ऑफिसात माझ्या टेबलावर रोज एक डबा येऊन पडायला लागला. पाठवणाऱ्या अर्चनावहिनी आणि आणून ठेवणारा जहूर, माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी, वहिनींच्या डब्याचं जुनं गिऱ्हाईक.

"प्रल्हाद भाई, खा लो," तो म्हणायचा. "दिल पे मत लो. नौकरी का क्या है, एक गयी तो दूसरी मिलेगी. इन्शाल्ला."

"किसकी नौकरी गयी?"

"किसी की नहीं, किसी की नहीं!" आणि तो माझा खांदा थोपटायचा. डबा उघडून बसायचा समोर. जेवण संपेपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहायचा, अगदी मी पॉपकॉर्नकडे बघतो तसा. मला दोन घासांपुढे जाईना. बिचारा उरलेलं स्वतः संपवायचा आणि उसासे टाकायचा.

शनिवारी संध्याकाळी सुलक्षणा मूठभर मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन शर्वाणीच्या खोलीत आली. मी नेहमीच्या खुर्चीवर, पेटीसमोर.

"दृष्ट काढते," ती म्हणाली. "सरळ बसा."

"मी कशाला? तू पेटीवरून ओवाळ ना."

"बसा म्हटलं ना!"

पेटीजवळ यायला भीत असेल, म्हणून मागे उभी राहते आहे, असं मला वाटलं. तिने माझ्या डोक्यावरून मूठ ओवाळली, पुटपुटली, आणि मिरच्या घेऊन गॅसकडे गेली. राजापुरात हा उपाय अंगणात चुलीवर होतो. आमच्या स्वयंपाकघरात डोक्यावर धूर ओळखणारं यंत्र आहे! मिरच्या तडतडल्या, ठसका उठला आणि दुसऱ्या क्षणी अख्ख्या टॉवरमध्ये भोंगा वाजायला लागला.

"बाहेर पळा!" मी खोकत ओरडलो. सुलक्षणाने गॅस बंद केला. मी धावत खोलीत गेलो, उशीचा अभ्रा ओढला, पॉपकॉर्नला आत सोडलं, तोंडाला गाठ मारली, आणि अभ्रा छातीशी धरून जिने उतरायला लागलो. त्या क्षणी मला घरातलं दुसरं काही आठवलं नाही. पासपोर्ट नाही, पाकीट नाही, मोबाईल नाही!

खाली खाडीच्या कडेला अख्खी बिल्डिंग जमली होती. आग कुठेच दिसत नसल्यामुळे वातावरण छान होतं. मुलं खेळत होती, कुणी फोटो काढत होतं. अर्चनावहिनी गर्दी कापत माझ्यापर्यंत आल्या. हातात डबा! भोंगा वाजल्यावर ही बाई डबा घेऊन उतरली होती.

"भावोजी! ही उशी कशाला घेतलीत?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी थालीपीठाचा तुकडा माझ्या तोंडापुढे धरला. "आ करा. आता माझ्यासमोर खायचं."

"वहिनी, मला नको..."

"रोज हेच! सुलक्षणाच्या जीवाला किती घोर लावलाय तुम्ही. जहूर म्हणतो तशी नोकरी गेली असली, तर गेली!"

"अहो, माझी नोकरी आहे!" आता माझा संयम सुटला. "जहूरला कुणी सांगितलं? मी नाही हो जेवायचा थांबलो! साप जेवत नाही, साप!"

"कुठला साप?"

"हा!" मी अभ्रा पुढे केला. आतून पॉपकॉर्नने अंग वळवलं.

वहिनींनी जी किंकाळी फोडली, तिच्यापुढे बिल्डिंगचा भोंगा म्हणजे काहीच नव्हे! आगीला न घाबरलेली ती सगळी गर्दी एका दमात रस्त्यापर्यंत मागे गेली. तेवढ्यात बिल्डिंगची मॅनेजर मुनिबा तरातरा आली. झालं, मला वाटलं, आता सामान बांधा!

"ये स्नेक है? पेपर हैं?"

"हैं. सब हैं."

"तो प्रॉब्लेम नहीं. बी-विंग में इगुआना भी है. मिर्ची किसने जलाया?"

सुलक्षणाने हात वर केला.

"मॅडम, साप चलेगा. मिर्ची खलास! यल्ला, चलो, सब ऊपर!"

लोक हसत हसत परतले. वहिनी थालीपीठ तसंच हातात धरून पुन्हा जवळ आल्या. मीही हसलो. "बघा वहिनी, काय गैरसमज! ही सापाबद्दल बोलत होती आणि तुम्हाला वाटलं माझ्याबद्दल! सांग गं त्यांना."

सुलक्षणाचे डोळे लाल होते. मिरच्यांनी असतील, असं मला वाटलं.

"मी सापाचं बोललेच नव्हते," ती म्हणाली.

नाव घेतलं तिने! सरळ 'साप' म्हणाली.

"तो साप आहे, भूक लागली की खाईल. मी तुमचं सांगत होते. ताट नेता तसं परत आणता. त्या खोलीत बसून राहता. मी बाहेर एकटीच जेवते. मला पण तिची आठवण येते हो."

अर्चनावहिनी एकदम दुसरीकडे बघायला लागल्या. मी तिथे उभा, हातात साप, तोंडापुढे थालीपीठ. मी थालीपीठ खाल्लं. तिखट होतं आणि फार चांगलं होतं.

वर आलो. मी पॉपकॉर्नला पेटीत सोडलं. डॉक्टर अफनानने सांगितलं होतं तसा उंदीर ठेवला, शर्वाणीची जुनी ओढणी काचेवर टाकली आणि दार लावून घेतलं. सुलक्षणाने टेबलावर दोन पानं मांडली. दुधीची भाजी, फुलके, वरणभात. ती माझ्यासमोर बसली. मी म्हटलं, पुरे. तिने अजून एक फुलका वाढला. मी दोन-चार घास खाल्ले आणि मग मला रडूच आलं. घरात अजून मिरच्यांचा वास होता, पण मी ते कारण सांगितलं नाही. ती उठून माझ्या बाजूला येऊन बसली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

सकाळी ओढणी बाजूला केली. उंदीर गायब! पॉपकॉर्न ओंडक्याखाली, पोटाशी एक झकास फुगवटा घेऊन, सुस्त. मी घरभर नाचलो. तेवढ्यात सुलक्षणाचा फोन वाजला. शर्वाणी!

"आई, डिड ही ईट?"

मी सुलक्षणाच्या हातातून फोन हिसकावलाच.

"खाल्ला गं, खाल्ला! काल रात्री! अख्खा उंदीर, शेपटीसकट! सकाळी बघतो तर काही शिल्लक नाही!"

पलीकडे बऱ्याच मुली एकदम खिदळल्या.

"बाबा," शर्वाणी हळूच म्हणाली, "आय वॉज आस्किंग आई अबाउट यू. अँड यू आर ऑन स्पीकर."

तेव्हापासून बडोद्याच्या अख्ख्या होस्टेलमध्ये मी उंदीर खाणारा बाप म्हणून प्रसिद्ध आहे. असू दे! निदान जेवतो आहे, एवढं तरी तिला कळलं.